सात नंबरची डिस्क

"हॅलो? … हो, बोल शेटिल. … पोचला. काल संध्याकाळीच पोचला. … हो, उघडून बघितला. … नाही, कौतुक वगैरे नंतर करते, आधी… अरे, ऐक ना. … ऐक! … तुझ्यामागं हे काय चाललंय? … आत्ता तालीम? … मग जरा बाहेर ये की. तो ट्रम्पेट थेट माझ्या कानात वाजतोय."

तोरुननं फोन दुसऱ्या कानाला लावला. ट्रॉनहाइममधल्या तिच्या स्वयंपाकघरात कॉफी गार होऊन गेली होती. टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याला धाकट्या भावानं वोल्ड्याहून पोस्टानं पाठवलेला पेनड्राइव्ह लावलेला होता, अंगठ्याएवढा. पडद्यावर आईची शेवटची फिल्म उघडली होती. म्हणजे उघडायला हवी होती. चित्राच्या जागी लाल चौकोन होता. त्याच्यापुढं दुसरा, तिसरा… अकराशे तुकड्यांचे अकराशे लाल चौकोन.

"आलास बाहेर? … बरं. आता मला सांग, या पेनड्राइव्हवर तू नक्की काय घातलंस? … 'सगळं' म्हणजे? … आईचे सगळे प्रोजेक्ट. … नऊच्या नऊ फिल्म. … एवढुशा जागेत मावल्या म्हणून तुला आनंद झाला. … मावणारच रे! त्यात चित्र नाहीच आहे! … नाही, पेनड्राइव्ह बिघडलेला नाही. … माझा लॅपटॉपही बिघडलेला नाही. … बंद करून परत चालू करून काही होत नाही, शेटिल! बावीस वर्षं मी एडिटिंगचंच काम करते. … हो, मला माहितेय तू सुतार आहेस. मी तुझ्या दारं-खिडक्यांत बोलते का कधी?"

"… बरं, एकदाच बोलले होते. ते दार खरंच घासत होतं."

"ऐक. शांतपणे सांगते. … मी शांतच आहे. … आई स्वेटर विणायची तेव्हा तो चौकटीचौकटींचा कागद समोर ठेवायची ना? … हां. तो कागद तू मला पाठवलास. लोकर नाही पाठवलीस. … प्रोजेक्ट म्हणजे तो कागद. कुठल्या तुकड्यातलं कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत घ्यायचं, एवढीच टिपणं. … हो, एवढंच. म्हणून तर लहान आहे. … चित्र, आवाज, सगळं डिस्कवर. … आईच्या खोलीत, खिडकीशेजारच्या फळीवर. काळ्या. पांढऱ्या पट्ट्या लावलेल्या, एक ते सात. … हां, त्याच. … त्या पाठव म्हणजे झालं. … आजच पाठवशील का? आणि लोकरीत गुंडाळ, नुसत्या खोक्यात…"

"… काय?"

"… कुणाला दिल्यास?"

तोरुन उभी राहिली. खुर्ची मागं सरकून शेगडीला लागली.

"बँडला? शाळेच्या बँडला? … जुन्या बाजारासाठी. … अरे, जुना बाजार आज आहे! … हो, तू तिथंच उभा आहेस, तेच म्हणतेय मी! … कधी दिल्यास? … काल. … बाकी सामानाबरोबर. … प्रोजेक्ट उतरवून घेतलेत तर रिकाम्या डिस्क कशाला अडगळ करायच्या, असं तुला वाटलं. … 'रिकाम्या' म्हणू नकोस. परत म्हणू नकोस तो शब्द."

दर वर्षी ऑक्टोबरात शाळेच्या व्यायामशाळेत हा बाजार भरे. गावातलं प्रत्येक घर आपापली अडगळ बँडला देई आणि बँडमधल्या मुलांचे आईबाप दोन दिवस श्रमदान करून ती विकत. शेटिलची मुलगी क्लॅरिनेट वाजवायची, त्यामुळं त्याला कपाटं उचलण्यातून सुटका नव्हती. अकराला दारं उघडत. तोरुननं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेदहा होऊन गेले होते.

"घाबरू नकोस, अजून विकल्या नसतील. … मी नाही घाबरलेली. … विजेच्या वस्तूंच्या टेबलावर कोण आहे? … ब्योर्ग? गणिताच्या ब्योर्गबाई? अजून करतात त्या? … बरं, मग त्या देतील. जाऊन सांग, चुकून आल्या म्हणावं. … का? त्या काय करतायत? … डिस्क कोऱ्या करतायत."

"… म्हणजे आत्ता? आईच्या?"

"… लोकांची खासगी माहिती असते म्हणून. … दर वर्षी स्वतः बसून करतात. … खूप सचोटीच्या आहेत, मला माहितेय रे, मी तीन वर्षं त्यांच्या वर्गात होते! … शेटिल, पळ. … चालत नाही, पळ! फोन बंद करू नकोस!"

फोनमधून बुटांचे आवाज आले, दार आपटलं, ट्रम्पेट पुन्हा मोठा झाला. कुणीतरी वॅफलच्या पिठाला आणखी दूध हवंय म्हणून ओरडत होतं. तोरुन टेबलाभोवती फिरत राहिली.

"पोचलास? … कितवी चालू आहे? … पट्टी बघ, आईनं आकडा घातलाय. … उलटी असेल, पलीकडून बघ. … चार. … एक, दोन, तीन झाल्या. … आणि पाच, सहा, सात? … खोक्यात. नक्की? सात नंबरची स्वतः बघितलीस? … हातात घे. … घेऊ देत नाहीत?"

"… काय म्हणतात? … एकदा दिलेली वस्तू बँडची. … अकराच्या आधी टेबलावरचं काहीही कुणाला नाही. … आणि श्रमदान करणाऱ्यांना तर मुळीच नाही. … गेल्या वर्षी कुणीतरी आधीच चांगला दिवा बाजूला काढून ठेवला होता. … तो तूच होतास ना? … मग कसं देतील तुला! … दे त्यांना फोन. दे."

ती थांबली, पाठ ताठ केली. गणिताच्या तासाला उभं केल्यासारखी.

"ब्योर्गबाई? नमस्कार, मी तोरुन. गुनवोरची थोरली. … हो, ट्रॉनहाइमलाच. … बरी आहे. … हो, येत्या मंगळवारी आईला जाऊन दोन महिने होतील. … आभारी आहे. … चर्चमध्ये तुम्हाला पाहिलं होतं मी, बोलणं झालं नाही. … नाही, अचानक म्हणजे… हो, अचानकच. … बाई, एक विनंती होती. … नाही नाही, नियम मोडा म्हणत नाही. … नियम सगळ्यांना सारखा, बरोबर आहे. … अकराला तो रीतसर घेईल, रांगेत उभा राहून. … तोवर फक्त त्या कोऱ्या करू नका, एवढंच. … खासगी माहिती आमचीच आहे, बाई. आमच्या आईचीच. … हो, आमची परवानगी आहे. … लेखी? … शेटिल देईल लिहून. … सातला तर हातच लावू नका. … शब्द देता? … खूप आभारी आहे. … हो, सांगते त्याला दिव्याचं."

"… शेटिल? थांबवलं का त्यांनी? … बंद केलं मशीन? … हुश्श."

तोरुन खिडकीपाशी गेली. खाली अंगणात शेजारी गाडीला हिवाळी चाकं लावत होता. एक चाक घरंगळत फाटकापर्यंत गेलं आणि तो कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिला.

"हो, आहे मी. … तू लिहून दे त्यांना कागद. … 'न पुसता द्यायला आमची हरकत नाही' एवढं पुरे. … नाही, एक ते चार गेल्या तर गेल्या. त्यांची काळजी नाही. दुसरी प्रत माझ्या कपाटात आहे. … हो. आईचा नियमच होता, दोन डिस्क, दोन घरं. एका घराला आग लागली तरी दुसऱ्या घरात राहावी. … हो, बरोबर. … हो. … म्हणजे… सातचं वेगळं आहे. … वेगळं म्हणजे वेगळं. ते जाऊ दे आता. तू टेबलापाशीच उभा राहा. हलू नकोस."

"… मी उगाच आरडाओरडा नाही करत. … अरे, माहितेय मला, फेरीबोटीवरची ती फिल्म पूर्ण झालेली आहे. … ग्रंथालयात दाखवली, तू खुर्च्या लावल्यास, फेरीबोटीचा कप्तान रडला. मी होते तिथं. … हो, ती बावन्न मिनिटं आहेत आपल्याकडं, व्यवस्थित आहेत. … बोटींच्या त्या संग्रहालयाला तेवढी पुरतील. … हो, मीच म्हणाले होते, संग्रहालयाला न कापलेलं चित्रण हवंय म्हणून. … खोटं नाही ते! त्यांना मिळालं तर हवंच आहे. … पण त्यांच्यासाठी मी एवढी ओरडत नाहीये, बरोबर."

"… सांगते. … सांगते म्हटलं ना."

"त्या बावन्न मिनिटांत आई कुठं आहे, सांग बरं. … शेवटी नाव येतं ते सोड. … कॅमेऱ्यामागं होती, ठीक. आवाज? … एकदा तरी ऐकू येतो? … आठव. … नाही ना? … विचारणारीचा आवाज ती कापून टाकायची. नेहमी. नऊ फिल्ममध्ये तिचा एक हुंकार नाही. … हो, लोकांच्या मागंच लागायची, 'उत्तरात माझा प्रश्न धरून बोला' म्हणून. … तुझ्या लग्नात सुद्धा? … पाद्रीबाबांना पण? … मला नव्हतं माहीत हे."

तिला हसू आलं. पण ते टिकलं नाही.

"आणि फिल्म झाली की ती डिस्क आवरायची. वापरलेले तुकडे ठेवायचे, बाकी काढून टाकायचं. जागा वाचते, शोधायला सोपं जातं. … मलाही तिनंच शिकवलं ते. चांगली सवय आहे. … चांगलीच आहे रे, कामाच्या दृष्टीनं. … पण त्यामुळं एक ते सहावर आई नाहीये. तिनं स्वतःला आवरून टाकलंय. … सात तेवढी राहिली होती. उन्हाळा संपला की आवरणार होती. … एकशे साठ तास. फेरीबोटीचा तो अख्खा हिवाळा, सगळा, न कापलेला. त्यात प्रश्न विचारतेय, खोकतेय, वाऱ्याला शिव्या घालतेय, बोटीवरची ती गोड धिरडी, स्वेले, खाऊन बोटं चाटत असेल. … आता बोगदा झालाय, बोटही नाही, म्हणजे… नाही, बोटीचं जाऊ दे. बोटीचं मला काही नाही."

"… आपल्याकडं दुसरं काय आहे तिच्या आवाजाचं? … घरच्या फोनवरचा 'निरोप ठेवा'वाला आवाज? … त्यावर कंपनीच्या बाईचा आवाज आहे. आईनं कधी बदललाच नाही. मी फोन करून बघितलाय. … दोनदा. … बरं, रोज."

पलीकडं शेटिल बोलत होता. तोरुन नखानं लॅपटॉपच्या कडेवरचा वाळलेला जॅम खरवडत होती.

"… हो. … हो, तिनं पाठवली होती. सातची दुसरी प्रतही पाठवली होती, मार्चमध्ये. लोकरीच्या मोज्यात घालून. … मोजे अजून आहेत. … डिस्क नाहीये. … हरवली नाही. … कुणाला दिलीही नाही. … शेटिल, मी पुसली ती. … मी. माझ्या हातानं. … जूनमध्ये. टीव्हीच्या त्या मालिकेचं काम चाललं होतं, दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, जागा संपली. रविवार, दुकानं बंद. कपाटात ती होती. म्हटलं मूळ आईकडं आहेच, नंतर परत मागवून घेऊ. चार सेकंद लागले. … विचारलं ना मशीननं. नक्की ना, म्हणून विचारलं. मी 'हो' दाबलं. … नाही, तिला नाही सांगितलं. जुलैत सांगणार होते, मग म्हटलं गेल्यावर समोरासमोर सांगू, ती रागावेल, मग आपण स्वेले खाऊ. … मग ऑगस्ट."

"… पुढच्या शनिवारी येऊन सात घेऊन जाणार होते. गुपचूप. तुला कळणारही नव्हतं. … हो, मीच तुला म्हणाले, खोली रिकामी करायला लाग म्हणून. … 'डिस्क सोडून' असं म्हणायला हवं होतं. नाही म्हणाले. का नाही म्हणाले ते कळलं आता तुला? … डिस्कचं नाव जरी काढलं असतं ना, तर तू विचारलं असतंस, दुसऱ्या प्रतीचं काय."

"… म्हणजे तुझ्यावर ओरडायचा मला काही हक्क नाही. कळतंय मला. … शेटिल? … बोल की काहीतरी. … रागाव हवं तर. … काय? … ब्योर्गबाईंच्या टेबलावर मला मदतीला बसवायचं? … गधड्या. … नाही, नको सांगूस त्यांना! … हसू नकोस. … मी नाही रडत, हे हसणंच आहे. … नाक काय, थंडीनं."

खाली शेजाऱ्याला त्याचं चाक परत मिळालं होतं. घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी होती.

"… तू रांगेत उभा आहेस ना? … पहिला? … दुसरा? पुढं कोण? … जुन्या वस्तूंचा दुकानदार. दरवर्षीचा, आलेसुंडहून येतो तो. … त्याला काय हवंय? … विचार ना! … विजेच्या टेबलाकडं बघतोय? … शेटिल, तू सुतार आहेस, खांदे आहेत तुला. लाव ते कामाला. … नियम, नियम! धक्का न देता पुढं जा, मग तर झालं? … वाजली घंटा? … जा! जा जा जा!"

फोनमध्ये एकदम गलका उठला. बँडनं काहीतरी जोरदार सुरू केलं होतं, अर्ध्या वाद्यांचा सूर लागलेला नव्हता. तोरुननं डोळे मिटले.

"… मिळाली का? … शेटिल? … मिळाली का म्हणते मी! … हातात? … त्यानं रेडिओ घेतला? घेऊ दे, त्याला शंभर रेडिओ घेऊ दे. … आकडा बघ. आईचंच अक्षर ना? ते सात, मधे आडवी रेघ दिलेलं? … हां. … हां. तेच."

"… नाही, खिशात घालू नकोस, पँटच्या खिशात तर नकोच! … वाचते का बघायला हवं. काल पोत्यात टाकली होतीस ना? … खोक्यात, बरं, खोक्यात. वरून काही ठेवलं होतंस? … टोस्टर. … ब्योर्गबाईंना विचार, त्यांचा लॅपटॉप मिळेल का पाच मिनिटं. … देतात? … 'विकली गेलेली वस्तू तपासून द्यायची असते.' देव त्यांचं भलं करो. … पुसायचा प्रोग्रॅम आधी बंद करायला सांग! … आधी! … तो बंद झाल्याचं स्वतः बघ. … आता लाव."

"दिवा लागला? … निळा की लाल? … निळा. … थांब, वेळ घेते ती, जुनी आहे. … थांब ना. … आली? … किती फोल्डर? … वाच नावं. … तारखा आहेत. हो, ती तारखेनंच ठेवायची. … एकवीस जानेवारी. बावीस. सव्वीस. … सगळे आहेत. … सगळे आहेत, शेटिल. … नाही! हलवू नकोस काही! … काय म्हणजे, नीट लावू? ते नीटच आहे! नाव बदलू नकोस, एकत्र करू नकोस, कुठलंही काहीही व्यवस्थित करू नकोस. एक दिवस तरी कुणी काही व्यवस्थित करू नका."

"… नुसती एक फाइल उघड. कुठलीही. … फेब्रुवारीतली? चालेल. … दोनदा दाब. … आवाज वाढव, कोपऱ्यात असतो. … आणि फोन तिथंच ठेव, स्पीकरजवळ. … आणखी जवळ. … कोण हाका मारतंय तुला? … कपाट? आत्ता? दुसरं कुणी नाही का उचलायला? … अरे, श्रमदान गेलं… शेटिल, थांब, आधी काढून तर घे ती, दोन प्रती करायच्या… शेटिल? … हॅलो?"

पलीकडं कुणी नव्हतं. दूर बँड वाजत होता, माणसं पाय घासत चालली होती. त्या सगळ्याच्या अलीकडं, अगदी कानापाशी, इंजिनाची घरघर सुरू झाली. साखळी खळखळली. वारा माइकवर आदळला आणि कुणीतरी त्याला एक कचकचीत शिवी दिली.

तोरुन खाली बसली.

खोकल्याचा आवाज आला. थर्मासचं झाकण उघडलं, कॉफी ओतली गेली, एकदा आणि मग पुन्हा, दुसऱ्या कपात. एक खुर्ची ओढली गेली. समोर एखादा खलाशी असावा, कामातून उठवून आणलेला. त्याला आई म्हणाली, बस असा. कॅमेऱ्याकडं नको बघूस, माझ्याकडं बघ. घाई नाही ना तुला?

खलाशानं कप तोंडाला लावला असेल.

"नाही," तोरुन म्हणाली. "मला काही घाई नाही."

आई पुढचा प्रश्न विचारू लागली. तो अर्ध्यावर असतानाच लाइन तुटली.